भुलीचं औषध उदासीच्या आजारावर: जिंतूरकडच्या एका ताईंना उत्तर

ताई,

नाव-गाव छापू नका असं तुम्ही लिहिलंत, ते पाळते. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून पत्रातलं मोजकं सांगते. तुमचे मिस्टर ४३ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. तीन वर्षांपासून उदासीचा आजार. पहाटे तीनला जाग येते, जेवण निम्म्यावर आलंय. कविता शिकवताना ज्यांचा आवाज शेजारच्या वर्गात जायचा, ते आता खुर्चीत नुसते बसून राहतात. आधी एसिटालोप्रॅम झालं, मग व्हेनलाफॅक्सिन, झोपेसाठी क्लोनाझेपाम. फरक नाही. आता छत्रपती संभाजीनगरच्या डॉक्टरांनी केटामाइन सुचवलंय, आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे. मामंजी म्हणतात, भुलीचं औषध आहे, माणूस उठलाच नाही तर? पुण्यातल्या पुतण्यानं मोबाईलवर दाखवलं की ही पार्टीतली नशा आहे आणि एक अमेरिकी नट यानंच गेला. आणि धाकटे भाऊजी म्हणतात, एवढ्या लांब कशाला जायचं, मेडिकलवाला ओळखीचा आहे, कुपी आणू आणि गावातल्या कंपाउंडरकडून घरीच टोचून घेऊ. तुम्ही विचारलंय, हे सुरक्षित आहे का?

उत्तर देते. पण त्याआधी पत्राच्या शेवटच्या पानावर तुम्ही जाता जाता लिहिलेली एक गोष्ट. मागच्या आठवड्यात जेवताना ते म्हणाले, "मी नसलो तर तुमचं बरं चालेल." माझ्या दृष्टीनं अख्ख्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे आहे. आजच्या आज त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, जीव द्यायचा विचार मनात येतो का. असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, उलट आत कोंडलेलं बोलायला वाट मिळते. फवारणीचं औषध घरात, गोठ्यात, माळ्यावर जिथं असेल तिथून हलवा, भावकीत कुणाकडे तरी कुलपात ठेवायला द्या. गोळ्यांची पाकिटं तुमच्या ताब्यात घ्या, रोजच्या रोज मोजून हातावर द्या. रात्री त्यांना एकटं झोपू देऊ नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर १४४१६, चोवीस तास चालू, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. तो भिंतीवर मोठ्या आकड्यात लिहून ठेवा. आणि कसं मरायचं, कधी मरायचं असं काही ठरवल्याचं ते बोलले, तर केटामाइनच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी परभणीचं जिल्हा रुग्णालय गाठायचं किंवा सरळ संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात न्यायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

आता तुमचा प्रश्न. तपासण्या झालेल्या असतील, माणूस योग्य निवडला असेल आणि नजर ठेवायला प्रशिक्षित माणसं समोर असतील, तर हा उपचार बऱ्यापैकी सुरक्षित आहे. हेच औषध घरी टोचून घेणं धोकादायक आहे, आणि ते मी कुठल्याही परिस्थितीत करू देणार नाही. या दोन वाक्यांच्या मधे जे आहे तेच खरं समजून घ्यायचंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मामंजींना सांगा की हे औषध त्यांना परकं नाही. केटामाइन १९६२ साली अमेरिकेत तयार झालं, १९७० मध्ये तिथं भुलीसाठी मंजूर झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५ पासून आहे. आपल्या भागातल्या ग्रामीण रुग्णालयांत लेकराचा मोडलेला हात बसवायचा असो की छोटं ऑपरेशन, वर्षानुवर्षं हेच वापरलं गेलं, कारण याच्या भुलीत श्वास आणि रक्तदाब सहसा टिकून राहतो, आणि जिथं मोठी यंत्रं नाहीत तिथं याचा मोठा आधार असतो. म्हणजे डॉक्टरांच्या हातात हे औषध पन्नासहून अधिक वर्षं आहे. उदासीवरचा त्याचा वापर मात्र त्या मानानं नवा. पहिला छोटा अभ्यास २००० साली आला. मग २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत १८ रुग्णांवर अभ्यास झाला. आधीच्या औषधांनी ज्यांना गुण आला नव्हता अशांपैकी ७१ टक्के लोकांना एका दिवसात बरं वाटलं. नेहमीच्या गोळ्यांना असर दाखवायला दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणून जगभरच्या मानसोपचारतज्ज्ञांचं लक्ष तिकडे गेलं. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा बातम्यांत फारसा येत नाही: एका डोसनंतर आठवडाभर तो फायदा टिकला तो ३५ टक्के लोकांतच.

मामंजींची भीती डोसच्या हिशेबानं दूर होईल. भूल द्यायची तर वजनाच्या दर किलोला १ ते २ मिलिग्रॅम, आणि तेही शिरेतून मिनिटभरात. उदासीसाठी साधारणपणे दर किलोला अर्धा मिलिग्रॅम, आणि तो सलाईनमधून ४० मिनिटांत हळूहळू. तुमच्या मिस्टरांचं वजन ६० किलो धरलं तर एका वेळी ३० मिलिग्रॅम. एवढ्यात माणूस बेशुद्ध होत नाही. डोळे मिटून पडलेला असतो, हाक मारली तर ओ देतो.

भाऊजींनाही हाच हिशेब दाखवा, कारण घरी टोचण्याचा धोका त्यातच आहे. बाजारात मिळणाऱ्या कुपीत एका मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम असतात. १० मिलिलिटरच्या एका कुपीत झाले ५०० मिलिग्रॅम. त्यातून ३० मिलिग्रॅम म्हणजे पाऊण मिलिलिटरही नाही. हात थोडा चुकला, किंवा सलाईनऐवजी सुईनं पटकन आत गेलं, की उदासीचा डोस भुलीचा होतो. क्लोनाझेपाम पोटात असताना आणि जवळ ऑक्सिजन नसताना. शिवाय हे औषध आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक बंधनं असलेल्या औषधांच्या यादीत आहे आणि २०११ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखालीही येतं. दुकानदाराला त्यासाठी वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत त्याला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. ओळखीवर कुपी देणारा मेडिकलवाला गुन्हा करतोय. भाऊजींची तळमळ मला कळते. भावासाठी काहीतरी करायचंय, आणि प्रत्येक खेपेला गाडीभाडं, दिवस मोडणं नकोसं होतं. त्यांना दुसरं काम द्या: सहाही वेळा सोबत येण्याचं. ते खरंच लागणार आहे.

पुतण्यानं दाखवलेली बातमी मॅथ्यू पेरी या नटाची. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो गेला. शवविच्छेदन अहवालात केटामाइनचा तीव्र परिणाम हे मुख्य कारण आलं, हे खरं आहे. पण तोच अहवाल पुढे सांगतो की दवाखान्यातला त्याचा शेवटचा उपचार साधारण दीड आठवडा आधी झाला होता आणि रक्तात सापडलेलं केटामाइन त्या उपचारातलं असणं शक्य नव्हतं. प्रमाण पूर्ण भूल देताना असतं तेवढं होतं. ते त्याला बाहेरून मिळालेलं होतं, घरी टोचलेलं होतं, आणि नंतर तो एकटा गरम पाण्याच्या कुंडात होता. २०२४ मध्ये या प्रकरणात पाच जणांवर गुन्हे दाखल झाले, त्यात दोन डॉक्टर होते. पुतण्याला म्हणावं, ही बातमी भाऊजींना वाचून दाखव. अमेरिकेच्या औषध प्रशासनानंही तो गेला त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२३ मध्ये, लोकांना जाहीर इशारा दिला होता की देखरेखीशिवाय घरी घेतलेलं केटामाइन धोक्याचं आहे.

आणि 'पार्टीतली नशा' हेही खोटं नाही. या औषधाची चटक लागू शकते. नशेसाठी वापरणारे लोक ते रोज, कधी कधी ग्रॅमच्या हिशेबात घेतात. मूत्राशय खराब झाल्याचं तुम्ही जे वाचलंत, ते प्रामुख्यानं अशा लोकांत दिसतं: लघवीला सारखं जावं लागणं, जळजळ, रक्त, आणि काहींचं मूत्राशय आक्रसून कायमचं लहान होणं. तुमच्या मिस्टरांना सहा वेळचं मिळून १८० मिलिग्रॅम मिळेल. दोन्हीत फार अंतर आहे. तरीही सहा खेपांनंतर उपचार महिनोन्महिने चालू ठेवायची वेळ आली, तर लघवीची तक्रार दर वेळी विचारली गेली पाहिजे आणि यकृताची रक्ततपासणी अधूनमधून झाली पाहिजे. वर्षानुवर्षं दिल्यावर काय होतं याचा पुरावा पहिल्या काही आठवड्यांच्या पुराव्याइतका भक्कम नाही, म्हणून दीर्घकाळ द्यायचं असेल तर कारण ठोस हवं. मिस्टर पूर्वी दारू घ्यायचे आणि वर्षभरापासून बंद आहे असं लिहिलंत. हे डॉक्टरांपासून लपवू नका. मिस्टरांसमोर बोलायला संकोच वाटत असेल तर तुम्ही आधी एकट्या भेटा.

आता त्या पत्रातल्या अशा दोन गोष्टी, ज्या तुम्हाला बहुतेक किरकोळ वाटल्या असतील.

एक. पाच वर्षांपूर्वीचं तुम्ही लिहिलंय: "तेव्हा तर ते इतके आनंदात होते, रात्री दोन-तीन तास झोपून ताजेतवाने, दहा-बारा दिवस नुसते पळत होते, कर्ज काढून जुनी जीप घेतली, गावात कोचिंग क्लास काढायचा म्हणून जागाही बघितली." आणि पुढे, चुलत सासऱ्यांना "वेडाचे झटके" यायचे, ते घर सोडून निघून जायचे. ताई, उदासीच्या माणसाच्या आयुष्यात असा कमी झोपेचा, जास्त पैशाचा, जास्त बोलण्याचा काळ येऊन गेला असेल तर आजार निव्वळ उदासीचा नसून दोन टोकांचा असू शकतो, ज्याला डॉक्टर बायपोलर म्हणतात. पत्रावरून निदान करता येत नाही, मी करतही नाही. पण हे तपासायलाच हवं. त्या आजारात उदासीच्या नेहमीच्या गोळ्या एकट्या दिल्या तर अनेकदा गुण येत नाही, कधी माणूस दुसऱ्या टोकाला जातो, आणि मग "औषधं लागू पडत नाहीत" असा शिक्का बसतो. तिथं लिथियमसारखी मन स्थिर ठेवणारी औषधं आधी लागतात. केटामाइन अशा रुग्णाला देतच नाहीत असं नाही, पण मन स्थिर ठेवणारं औषध सुरू ठेवून आणि जास्त सावधपणे देतात. चुलत सासऱ्यांना भास व्हायचे का, कुणी पाठीमागे लागलंय असं ते म्हणायचे का, हेही घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या. आणि मिस्टरांना स्वतःला कधी आवाज ऐकू येणं, संशय येणं असं झालं असेल तर बहुतेक डॉक्टर केटामाइन टाळतील आणि ते बरोबरच असेल. जीपची गोष्ट डॉक्टरांना सांगितली होती का? पत्रावरून वाटतं, नाही. ते आनंदाचे दिवस आजार म्हणून कुणाच्या डोक्यात येत नाहीत, म्हणून कुणी सांगत नाही.

दोन. व्हेनलाफॅक्सिन ३७.५ मिलिग्रॅम, चाळीस दिवस. सोबत पाठवलेल्या चिठ्ठ्यांच्या फोटोंत मला एवढाच डोस दिसतो. ही सुरुवातीची मात्रा आहे. नेहमीचा डोस ७५ पासून सुरू होतो आणि गरज पडली तर २२५ पर्यंत नेतात. आजार 'औषधांना दाद न देणारा' ठरवायचा तर किमान दोन औषधं, प्रत्येक पुरेशा डोसमध्ये, प्रत्येक सहा ते आठ आठवडे, रोज घेऊन झालेली असावी लागतात. सैलानी बाबांच्या दर्ग्याला दोनदा जाऊन महिना-महिना राहिलात असं लिहिलंय. त्यात माझी काही हरकत नाही, जिथं मनाला धीर येतो तिथं माणूस जातो. मी फक्त एवढंच विचारते, त्या दिवसांत गोळ्या चालू होत्या का? बहुतेक ठिकाणी तेव्हाच साखळी तुटते, आणि डॉक्टरांना वाटतं सहा महिने औषध झालं. खऱ्या तारखा एका कागदावर मांडा. थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन, शुगर तपासली नसेल तर ती करून घ्या. थायरॉईड कमी असेल तर अंग मोडून येणं, मन मरगळणं, सगळं उदासीसारखंच दिसतं, आणि त्यावर केटामाइन हा उपाय नव्हे.

हे वाचून तुम्ही म्हणाल, मग आधी गोळ्याच वाढवून बघू, केटामाइन नको. इथं मला दोन्ही बाजू तोलाव्या लागतात. माणूस नुसता उदास असता तर मी तेच सांगितलं असतं. पण "मी नसलो तर" असं जो बोलतोय त्याच्यासाठी सहा आठवडे हा फार मोठा काळ आहे, आणि आत्महत्येचे विचार काही तासांत, एखाद्या दिवसात कमी करण्याची केटामाइनची ताकद अभ्यासांत दिसलेली आहे. म्हणून माझं मत असं: डॉक्टरांना या आठवड्यातच भेटा, जीपची गोष्ट आणि गोळ्यांच्या खऱ्या तारखा समोर ठेवा, आणि ते ऐकूनही त्यांनी केटामाइन म्हटलं तर घ्या. दुसरं मत हवं असेल तर घाटीतला मानसोपचार विभाग आहे, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. दुसरं मत घेतल्यानं पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

विजेच्या शॉकच्या उपचाराबद्दलही तुम्ही दबक्या आवाजात विचारलंय. डॉक्टरांनी तो पर्याय दिला होता, तुम्ही घाबरून नाही म्हणालात. आता तो पूर्ण भूल देऊन, स्नायू सैल करून देतात. भुलीशिवाय देण्याला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं बंदी आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतला ४०३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधांना दाद न देणारी पण भास-भ्रम नसलेली उदासी असलेल्यांत तीन आठवड्यांनी केटामाइननं ५५ टक्क्यांना आणि शॉकनं ४१ टक्क्यांना चांगला गुण आला. केटामाइन मागे पडत नाही, आणि स्मरणाच्या तक्रारी त्यात कमी. म्हणून शिकवण्याचं काम करणाऱ्या माणसासाठी डॉक्टरांनी आधी केटामाइन निवडलं तर ते मला पटतं. पण माणूस जेवणपाणी सोडून बसला, भास व्हायला लागले, तर शॉकला नाही म्हणू नका. त्या अवस्थेत तोच जीव वाचवतो.

मग तिथं गेल्यावर काय बघायचं? सगळ्यात आधी त्यांचं बी.पी. बघायचं. त्याची गोळी ते आठवली तर घेतात असं लिहिलंत. केटामाइननं रक्तदाब काही काळ चढतो, साधारण ४० मिनिटांच्या सुमारास सगळ्यात वर जातो, मग उतरतो. मुळातच १४०/९० च्या वर असलेल्या माणसाला तो चढ महागात पडू शकतो. आजपासून गोळी रोज, आणि गावातल्या आशाताईंकडून किंवा उपकेंद्रात रोजचं बी.पी. मोजून वहीत लिहा. ती वही सोबत न्या. ईसीजी झालेला हवा. मेंदूत पूर्वी रक्तस्राव झालाय, रक्तवाहिनीला फुगा आहे, हृदयाचा आजार आटोक्यात नाही, अशांना हे देत नाहीत. क्लोनाझेपामबद्दलही विचारा, कारण त्यानं केटामाइनचा असर कमी पडू शकतो आणि गुंगी वाढते. पण ती गोळी स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका, त्यानं झटकेसुद्धा येऊ शकतात. डॉक्टर सांगतील तशी उतरवा.

जागा कशी आहे ते नीट बघा. सलाईन चालू असताना बी.पी. आणि ऑक्सिजन मोजणारं यंत्र लावलेलं असतं का? ऑक्सिजनचा सिलिंडर खोलीतच आहे का? श्वासाची अडचण आली तर हाताळू शकणारा, शक्यतो भूल देणारा डॉक्टर त्या इमारतीत हजर असतो, की फोनवर? संपल्यावर किमान दोन तास थांबवून घेतात का? अमेरिकेत याच औषधाचा नाकात मारायचा फवारा, एस्केटामाइन, २०१९ मध्ये मंजूर झाला, तेव्हा प्रमाणित केंद्रातच घ्यायचा आणि दोन तास नजरेखाली राहायचं, अशी अट घातली गेली. आपल्याकडे विचारलं तर काही ठिकाणी राग येतो. येऊ द्या. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचं बरं वाटतं. हेही कळू द्या की आपल्याकडे हे औषध भुलीसाठी मंजूर आहे आणि उदासीसाठी डॉक्टर आपल्या अधिकारात वापरतात. त्यात बेकायदा काही नाही, पण म्हणूनच संमतीचा कागद मराठीतून समजावून सांगितल्याशिवाय सही करू नका. "इथं सही करा" म्हणून पान पुढे सरकवणाऱ्या ठिकाणी थोडं थांबा आणि वाचून दाखवा म्हणा.

मिस्टरांना काय वाटेल ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच खेपेला घाबरतील. ओठ बधिर होतात, अंग हलकं होऊन तरंगल्यासारखं वाटतं, आवाज लांबून येतात, वेळ ताणल्यासारखा वाटतो. काहींना रडू येतं, काहींना आपण आपल्यातून बाहेर निघालो असं वाटून भीती वाटते, काहींना मळमळतं. बहुतेकांचं हे तास-दोन तासांत पूर्ण ओसरतं. खोलीत गोंगाट नको, नातेवाइकांची गर्दी नको, तुम्ही एकट्या शेजारी बसा आणि फार बोलू नका. किती वेळ उपाशी राहायचं ते तिथले डॉक्टर सांगतील, ते तंतोतंत पाळा. चहाचा घोट घेतला असेल तर तोही सांगा. त्या दिवशी मोटारसायकलला हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी नीट झोप होऊन उठेपर्यंत. मंठा-जालना मार्गे परत यायला तीन-साडेतीन तास लागतात, एसटीत उलट्या झाल्या तर हाल होतील. जमलं तर पहिल्या दोन खेपांना संभाजीनगरलाच नातेवाइकाकडे मुक्काम करा.

गुण आला तर तो कदाचित पहिल्या-दुसऱ्या खेपेलाच दिसेल. ते आपणहून चहा मागतील, मुलीची वही बघतील, आणि घरात सगळ्यांना वाटेल की संपलं एकदाचं. इथंच मला तुम्हाला धरून ठेवायचंय. टँकर आला म्हणजे विहिरीला पाणी लागलं असं होत नाही, हे आपल्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. केटामाइननं मिळालेले बरे दिवस पुढची कामं करण्यासाठी आहेत: योग्य गोळी योग्य डोसवर आणणं, झोपेची वेळ बांधणं, समुपदेशन सुरू करणं, त्या जीपच्या कर्जाचं काय करायचं ते बँकेत बसून एकदा बघणं. गोळ्या थांबवल्या तर काही आठवड्यांत उदासी परत येण्याची शक्यता बरीच असते. आणि चार-पाच खेपांनंतरही काहीच फरक पडला नाही तर "अजून सहा घ्या, मग बघू" याला तयार होऊ नका. काहींना ते लागू पडत नाही. तेव्हा तो दिवस घरात फार जड जातो, "हेही फुकट गेलं" असं त्यांच्या मनात येतं, म्हणून तुम्ही आधीच सांगून ठेवा की यानंतरही मार्ग आहेत: लिथियमची जोड आहे, शॉक आहे, इतर औषधं आहेत. शेवटचा उपाय म्हणून केटामाइनकडे नेऊ नका त्यांना. उलटही ध्यानात ठेवा: झोप एकदम दोन तासांवर आली, बडबड वाढली, पुन्हा जीप-कोचिंगच्या गोष्टी सुरू झाल्या, तर बरं वाटतंय म्हणून खूश न होता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

मुलीनं विचारलं, बाबांना काय झालंय, तर खरं सांगा. आठवीतल्या मुलीला कळतं. आजार आहे, औषध चालू आहे, तुझ्यामुळे झालेलं नाही. एवढं पुरे.

राहिला शाळेचा प्रश्न. मार्चपर्यंत कसंबसं ओढू आणि मे महिन्याच्या सुट्टीत उपचार करू, म्हणजे कुणाला कळणार नाही, असं तुम्ही दोघांनी ठरवलंय. तेवढं मात्र करू नका. वैद्यकीय रजा टाका. प्रमाणपत्रावर आजाराचं नाव सविस्तर न घालता 'उपचार सुरू असून विश्रांतीची गरज आहे' असं लिहून देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. उपचाराची माहिती गुप्त राहणं हा मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मिस्टरांना दिलेला हक्क आहे. मुख्याध्यापकांना अर्ज सोमवारीच द्या आणि डॉक्टरांची वेळ त्याआधी घ्या.